साहेब गेला, नवऱ्याची सूट राहिली

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. त्या निमित्तानं मंत्र्यांनी आणि सरकारी जाहिरातींनी एकच सूर लावला. इंग्रजांनी लादलेले कायदे आपण फेकून दिले, गुलामीची निशाणी पुसली, आता दंड नाही तर न्याय! ५११ कलमांची ३५८ झाली. नांदेड-लातूरकडच्या वकिलांनी नवी पुस्तकं घेतली, पोलीस ठाण्यांत जुन्या-नव्या कलमांचे तक्ते लागले. ३०२ चं १०३ झालं, ४९८-अ चं ८५ झालं, ३५४ चं ७४ झालं.

मी गेली अनेक वर्षं या दोन जिल्ह्यांतल्या बायकांबरोबर कोर्टाच्या पायऱ्या चढते-उतरते. पोटगी, मारहाण, टाकून दिलेल्या बाईचा हिस्सा, सोळाव्या वर्षी लग्न लावून दिलेली मुलगी, हेच आमचं रोजचं काम. त्यामुळे नवं पुस्तक हातात आल्यावर मी पहिल्यांदा एकच पान उघडलं. नवऱ्यानं बायकोवर जबरदस्ती केली तर काय, ते पान. ते जसं होतं तसंच आहे. फक्त कलमाचा आकडा बदलला आहे.

मैत्रिणींनो, गुलामी पुसली म्हणतात, ती नेमकी कुणाची? आपली तर नाही! माझं म्हणणं असं आहे की इंग्रजी राज्याचा या देशातल्या पुरुषांशी एक सौदा झाला होता. घराबाहेर सरकारचं राज्य, घरात नवऱ्याचं. सरकार गेलं, सौदा टिकला. आणि आमच्या मराठवाड्यात तर हा सौदा साहेबानं आणलेलाच नाही. तो आपल्याच संसदेनं, साहेब गेल्यानंतर, आपल्या हातानं इथं आणला. म्हणून ‘हे सगळं इंग्रजांचं पाप’ ही सबब निदान आमच्याकडे तरी कुणी सांगू नये.

आमच्याकडे गव्हर्नर नव्हता

शाळेच्या पुस्तकातला इतिहास मुंबई-पुण्याचा. त्यात गव्हर्नर येतात, कौन्सिलं येतात, सुधारकांचे अर्ज-विनंत्या येतात. नांदेड आणि लातूर त्या चित्रात नाहीत. हा मुलूख निजामाचा. लातूर तर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. वेगळा जिल्हा झाला तो १९८२ साली. मुंबईच्या गव्हर्नरचा हुकूम इथं चालत नव्हता, कलकत्त्या-दिल्लीत झालेला कायदा इथं आपोआप लागू होत नव्हता. इथं निजामाचे फर्मान आणि निजामाची न्यायालयं, आणि हैदराबादेत इंग्रजांचा रेसिडेंट बसलेला.

पण म्हणून इंग्रज इथं नव्हते असं मुळीच नाही. आमच्या शेजारी हिंगोलीला, जालन्याला, औरंगाबादला, मोमिनाबादला म्हणजे आजच्या अंबाजोगाईला हैदराबाद कंटिन्जंटच्या छावण्या होत्या. फौज इंग्रज अधिकाऱ्यांची आणि पगार निजामाच्या तिजोरीतून. तो पगार थकला म्हणून १८५३ साली इंग्रजांनी वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतलं. त्याबरोबर नळदुर्ग-धाराशिवचा मुलूखही घेतला, लातूरला अगदी लागून. तो १८६० मध्ये परत केला. मधल्या काळात कर्नल मेडोज टेलर तिथं कारभार पाहत होता. जमिनीची मोजणी झाली, महसूल बसवला, रस्ते झाले. साहेबाला जे हवं होतं तिथं त्याचा हात नीट पोचत होता.

पुढे १९२६ सालचं उदाहरण घ्या. वऱ्हाड परत मिळावं म्हणून सातवा निजाम बरोबरीच्या नात्यानं बोलू लागला. तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगनं २७ मार्च १९२६ च्या पत्रात त्याला खडसावून सांगितलं की हिंदुस्थानात ब्रिटिश राजमुकुटच सर्वश्रेष्ठ आहे, कुणीही संस्थानिक बरोबरीची भाषा करू शकत नाही. म्हणजे हैदराबादच्या कारभारात ढवळाढवळ करायची ताकद नव्हती, असं कुणी म्हणू नये. मुलखासाठी, फौजेसाठी, पैशासाठी ती वापरली. संस्थानांतून जाणाऱ्या कितीतरी रेल्वेमार्गांखालच्या जमिनीवरची हुकूमतसुद्धा इंग्रजांनी मागून घेतली होती.

आणि त्याच मुलखातल्या नऊ-दहा वर्षांच्या पोरींची लग्नं? तो संस्थानचा अंतर्गत मामला!

शारदा कायदा १९२९ साली झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मुलीचं वय चौदा, मुलाचं अठरा. पण तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. बार्शी इंग्रजांची, लातूर निजामाचं. दोन्ही गावं १९११ पासून बार्शी लाइट रेल्वेच्या एकाच छोट्या रुळावर. बार्शीत दहा वर्षांच्या मुलीचं लग्न लावणं गुन्हा. गाडीत बसून लातूरला आलं की तो गुन्हा नाही! देशभर लोक अशा हद्दी ओलांडून लग्नं उरकत होते, म्हणून १९३८ साली दुरुस्ती करून हा कायदा हद्दीबाहेरच्या ब्रिटिश प्रजाजनांनाही लावावा लागला. निजामाच्या प्रजेतली मुलगी मात्र त्यातही आली नाही.

संस्थानांना हे जमत नव्हतं असंही नाही. म्हैसूरनं १८९४ मध्ये आणि बडोद्यानं १९०४ मध्ये बालविवाहाविरुद्ध कायदे केले होते. ते अपुरे होते, पण इंग्रजांच्या कितीतरी आधीचे होते.

सौदा कुठं झाला

हा सौदा एका दिवशी झाला नाही. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जनं ठरवलं की लग्न, वारसा, जातपात या बाबतींत हिंदूंना शास्त्राप्रमाणे आणि मुसलमानांना कुराणाप्रमाणे न्याय द्यायचा. व्यापार, महसूल, गुन्हे हे सरकारचं. आज आपण ‘व्यक्तिगत कायदा’ म्हणतो त्याची मुळी तिथली. मग शास्त्र म्हणजे काय, हे कुणाला विचारलं? पंडितांना आणि मौलवींना. महाराष्ट्रात एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना आर्थर स्टील या अधिकाऱ्यानं दख्खनमधल्या जातींच्या चालीरीती गोळा केल्या. १८२७ च्या सुमाराला त्याचं पुस्तक निघालं. त्यानं शास्त्र्यांना विचारलं, जातींच्या प्रमुखांना विचारलं. नांदणाऱ्या बाईला विचारलं नाही, विधवेला विचारलं नाही. गावच्या पुरुषांनी ‘आमच्यात असं असतं’ म्हणून सांगितलं ते कागदावर आलं, आणि कागदावर आलं तो कायदा झाला. रूढीला बोलून वाकवता येतं, भांडून बदलता येतं. सरकारी कागदावर आलेली रूढी वाकत नाही.

मग १८५७ झालं. १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीनं धर्मात हात न घालण्याचं वचन दिलं. धर्म म्हणजे इथं प्रामुख्यानं काय? बायकोवर, मुलीवर, विधवेवर पुरुषाचा असलेला ताबा. मिठावर कर बसवताना आणि जंगलं ताब्यात घेताना सरकारला कुणाच्या चालीरीती आठवल्या नाहीत.

‘पण सतीची चाल इंग्रजांनी बंद केली, विधवाविवाहाचा कायदा इंग्रजांनी केला,’ असं लगेच ऐकवलं जातं. बेंटिंकचा १८२९ चा सतीबंदीचा कायदा मी नाकारत नाही. त्यामागे राममोहन रॉय यांच्यासारख्यांचे कष्ट होते, हेही विसरत नाही. पण १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा जरा उलटून बघा. त्याच्या दुसऱ्या कलमात लिहिलं होतं की पुनर्विवाह केला तर विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपला. ज्या जातींत पाट लागतच नव्हता त्यांच्यासाठी हा कायदा नवा होता. पण आपल्याकडच्या शेतकरी-कष्टकरी जातींत पाट, म्होतूर आधीपासूनच होतं! त्यांना परवानगी नको होती. तरी मुंबई हायकोर्टानं धरलं की पाट लावणाऱ्या जातींतल्या विधवेचाही हक्क जातो. अलाहाबाद हायकोर्टानं याच प्रश्नावर उलटा निकाल दिला. म्हणजे कायदा एकच, पण अलाहाबादेकडच्या विधवेची जमीन टिकली आणि मुंबई इलाख्यातल्या विधवेची गेली. सुधारणेच्या नावानं आलेला कायदा कष्टकरी बाईच्या हातातून वावर काढून घेऊ शकतो, हा धडा आपण कायम लक्षात ठेवायला हवा.

मेकॉलेची सूट

दंड संहितेचा पहिला मसुदा मेकॉलेच्या आयोगानं १८३७ मध्ये केला. त्यात लिहिलं होतं की पुरुषानं स्वतःच्या बायकोशी केलेला संभोग कोणत्याही परिस्थितीत बलात्कार ठरणार नाही. कोणत्याही! १८६० मध्ये संहिता मंजूर झाली तेव्हा एवढीच दया दाखवली की बायको दहा वर्षांच्या आतली असेल तर गुन्हा धरायचा.

दहा वर्षं. १८९० मध्ये कलकत्त्याची फुलमणी दासी नवऱ्याच्या जबरदस्तीनं मेली. तिचं वय दहाच्या थोडं वर होतं, म्हणून नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा बसलाच नाही. त्याला एका वर्षाची सक्तमजुरी झाली. त्यानंतर १८९१ मध्ये संमतीवयाचा कायदा आला आणि दहाचं बारा झालं. दोन वर्षं वाढवायला एका पोरीचा जीव जावा लागला. बेहरामजी मलबारींनी १८८४ पासून हा प्रश्न लावून धरला होता. आणि या दोन वर्षांवरूनही केवढं रण पेटलं! परक्या सरकारनं आमच्या धर्मात आणि घरात हात घालू नये म्हणून टिळकांनी ‘केसरी’तून विरोध केला. देशाचं स्वातंत्र्य मागणाऱ्यांना बारा वर्षांच्या बायकोचं स्वातंत्र्य दिसलं नाही.

याच काळात रखमाबाईंचा खटला झाला. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी मोठं झाल्यावर नवऱ्याकडे, दादाजी भिकाजीकडे, नांदायला जायचं नाकारलं. १८८४ मध्ये त्यानं मुंबई हायकोर्टात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. एखादा बैल किंवा घोडा ताब्यात द्यावा तशी बाई ताब्यात देता येत नाही, हे त्यांना कळत होतं. पण अपिलात निकाल फिरला आणि मार्च १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंग पत्करते, असं त्या बाईनं सांगितलं! शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या.

आता गंमत बघा. नांदायला बोलावण्याचा हा दावा आपल्या शास्त्रातला नव्हता, आपल्या रूढीतलाही नव्हता. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आलेला. साहेबानं आपल्या घरातलं जुनं जोखड इथं आणलं, इथल्या नवऱ्यांना ते फार आवडलं, आणि बघता बघता ते भारतीय संस्कृती होऊन बसलं! धर्मात सरकारचा हात नको म्हणणाऱ्या मंडळींनी या परक्या दाव्याला मात्र परकं म्हटलं नाही. आपल्या सोयीचा परका कायदा आपलाच वाटतो, गैरसोयीचा असला की तो लादलेला ठरतो.

१९५१ : आपण आणलेला कायदा

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाचं राज्य संपलं. मराठवाड्यातल्या बायका त्या लढ्यात होत्या. जालन्याकडच्या दगडाबाई शेळकेंचं नाव तरी आज घेतलं जातं. भाकरी बांधून देणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या कितीजणींची नावंही नाहीत. मुक्ती झाली. मग त्या मुक्तीबरोबर बाईला काय मिळालं?

१ एप्रिल १९५१ पासून ‘ब’ वर्ग राज्यांचा कायदा लागू झाला आणि भारतीय दंड संहिता हैदराबाद राज्यात आली. म्हणजे मेकॉलेची संहिता नांदेडला आणि लातूरला पोचली ती इंग्रज जाऊन साडेतीन वर्षं झाल्यावर! ती आणणारा कुणी गव्हर्नर जनरल नव्हता, स्वतंत्र भारताची संसद होती. संविधान लागू होऊन वर्ष उलटलं होतं. त्यात स्त्री-पुरुष समानता लिहिलेली होती. तरी नवऱ्याची सूट तशीच्या तशी आली. १९४९ च्या दुरुस्तीनं बायकोचं वय पंधरा केलं होतं, एवढाच फरक. पंधरा पूर्ण झाली की मराठवाड्याच्या मुलीला नवऱ्यापुढे ‘नाही’ म्हणायचा हक्क नाही, हे आपल्या लोकप्रतिनिधींनी आपल्यासाठी मान्य केलं.

मालमत्तेचं तेच. विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत हयातीपुरता हिस्सा देणारा कायदा १९३७ मध्ये झाला. पण १९४१ मध्ये फेडरल कोर्टानं सांगितलं की गव्हर्नरांच्या प्रांतांत हा कायदा शेतजमिनीला लागू नाही, कारण शेतजमिनीचा वारसा हा प्रांतांचा विषय. आणि आपल्याकडे मालमत्ता म्हणजे दुसरं काय असतं? शेतच! मग प्रांताप्रांतानं वेगळे कायदे करत बसावं लागलं. हैदराबाद राज्यात हा हक्क पोचायला १९५० चं दशक उजाडलं. १९५६ च्या वारसा कायद्यातसुद्धा कूळकायद्यातल्या जमिनींना पळवाट ठेवली होती, ती २००५ मध्ये बुजली. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलीला वडिलार्जित मालमत्तेत वाटा दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली वगळून.

आणि नांदायला बोलावण्याचा दावा? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून तो मानानं बसवला. आंध्र हायकोर्टानं १९८३ मध्ये, टी. सरिता यांच्या खटल्यात, हे कलम बाईच्या शरीरावरच्या हक्काचा भंग करतं म्हणून रद्द ठरवलं. पण १९८४ मध्ये सरोज राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा जिवंत केलं. खुद्द इंग्लंडनं हा दावा १९७० मध्ये मोडीत काढला आहे. नवऱ्याला असलेली बलात्काराची सूटही तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं १९९१ मध्ये संपवली. शेजारच्या नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयानं ती २००२ मध्ये संपवली. साहेबानं जे आपल्या घरातून फेकून दिलं, ते आपण वारसा म्हणून जपून ठेवलं आहे!

नव्या पुस्तकात काय आहे

आता न्याय संहिता उघडा. कलम ६३, अपवाद दुसरा. बायको अठरा वर्षांच्या आतली नसेल तर नवऱ्याचा संभोग बलात्कार नाही. अठराचा आकडाही सरकारनं आपणहून दिलेला नाही. तो २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं मिळाला. न्या. वर्मा समितीनं जानेवारी २०१३ मध्येच ही सूट काढा म्हणून स्पष्ट सांगितलं होतं. २०१३ मध्ये काढली नाही, २०२३ मध्ये काढली नाही.

पुढे कलम ८४ बघा. विवाहित स्त्रीला फूस लावून नेणं हा गुन्हा. हे जुनं कलम ४९८. यात दुखावला जातो तो नवरा. बाईची स्वतःची इच्छा काय, हे कुणी विचारत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्यभिचाराचं कलम ४९७ रद्द केलं, कारण ते बायकोला नवऱ्याची वस्तू मानत होतं. त्याचं हे सख्खं भावंड मात्र नव्या पुस्तकात नवा आकडा घेऊन बसलं आहे. कलम ७४ मध्ये ‘विनयभंग’ तसाच. बाईच्या अंगाला हात घातला तर तिच्या शरीराचा, तिच्या इच्छेचा अपमान होत नाही. भंग होतो तो तिच्या विनयाचा! राणी व्हिक्टोरियाच्या काळातला हा शब्द. गुलामीची निशाणी शोधायला निघालेल्यांना तो सापडला नाही का?

न्यायालयात सरकारनं काय बाजू मांडली तेही ऐका. २०१७ मध्ये दिल्ली हायकोर्टात केंद्र सरकारनं सांगितलं की ही सूट काढली तर विवाहसंस्था डळमळेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की नवऱ्याच्या जबरदस्तीला बलात्कार म्हणणं अति कठोर होईल. १८९१ च्या विरोधकांचं म्हणणं याहून फार वेगळं होतं का? घर मोडेल, धर्म बुडेल. एकशे तेहतीस वर्षांत युक्तिवादाची भाषा तेवढी बदलली. आणि सरकार स्वदेशी झालं.

याचा आमच्याकडे अर्थ काय होतो

शहरातल्या काही मैत्रिणी म्हणतात, हे वकिली वाद आहेत, खेड्यातल्या बाईला त्याचं काय? मी सांगते काय ते.

मार खाऊन माहेरी आलेली बाई पोटगीचा अर्ज करते. चार-सहा आठवड्यांत नवऱ्याच्या वकिलाकडून कागद येतो, कलम ९ चा दावा : ‘मी नांदवायला तयार आहे, तीच विनाकारण निघून गेली.’ त्याला ती घरात नको असते, बऱ्याचदा दुसरी आणून ठेवलेली असते. दावा नांदवण्यासाठी नसतोच, पोटगी बुडवण्यासाठी असतो. आता ही बाई दोन कोर्टांच्या तारखा करते. एका तारखेला दिवसाची मजुरी जाते, एसटीचं भाडं जातं, लेकराला शेजारणीकडे ठेवावं लागतं. दहा जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नांदायला जाण्याचा हुकूम झाला आणि बाई गेली नाही, तेवढ्यावरून तिची पोटगी बंद होत नाही. चांगला निकाल आहे. पण हे तिला तालुक्याच्या कोर्टात येऊन सांगणार कोण? तिथं अजूनही पहिला प्रश्न हाच असतो : ‘बाई, नांदायला का जात नाही?’ तुरुंगाची भीती १९२३ मध्येच काढून टाकली, पण हुकूम न पाळणाऱ्या बाईच्या मालमत्तेवर जप्ती आणता येते. जिच्या नावावर काहीच नाही, तिच्यावर जप्ती कशाची आणणार? गळ्यातल्या मण्यांची?

बालविवाहाचं बघा. शारदा कायद्यात लग्न लावणाऱ्याला शिक्षा होती, पण लागलेलं लग्न कायदेशीर राहत होतं. वर तक्रार करणाऱ्याकडूनच शंभर रुपयांपर्यंतचा जामीन लिहून घ्यायची तरतूद होती! २००६ चा कायदा पुष्कळ पुढे गेला. तरी लग्न आपोआप रद्द होत नाही. मुलीनं कोर्टात जाऊन ते रद्द करून मागायचं. सोळा वर्षांच्या पोरीनं बापाविरुद्ध, सासऱ्याविरुद्ध, गावाविरुद्ध! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. मराठवाड्यातल्या अनेक जिल्ह्यांत हे प्रमाण राज्याच्या बरंच वर आहे, नांदेडला लागून असलेल्या परभणीत तर निम्म्याच्या आसपास. ऊसतोडीला जोडपं लागतं, उचल कोयत्यावर मिळते, पोरीला एकटं घरी ठेवायची भीती असते. ही कारणं मला माहीत आहेत आणि ती खरी आहेत. पण ‘घरातलं घरात’ हा जुना सौदाही त्यातच आहे. ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि गावकी त्याला सांगते, साहेब, आमच्या घरच्या मामल्यात पडू नका. तोही पडत नाही.

आणि जमीन? कायद्यानं आज मुलगी भावाच्या बरोबरीची. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये तेही पक्कं केलं. पण बाप गेला की तेराव्याच्या आधीच हक्कसोडपत्राची बोलणी सुरू होतात. सही केली तर माहेर राहतं, नाही केली तर माहेर तुटतं. सातबाऱ्यावर तिचं नाव लागत नाही, आणि सगळे म्हणतात बहिणीनं प्रेमानं सोडलं.

आपल्याच लोकांना चार शब्द

इंग्रजांच्या कायद्यांवर टीका केली की काहीजण लगेच टाळ्या वाजवतात आणि म्हणतात, चला, आपल्या जुन्या परंपरेकडे. त्यांच्या टाळ्या मला नकोत. पंचांच्या न्यायात बाई किती बोलते ते मी पाहिलं आहे. दुसरीकडे काहीजण म्हणतात, इंग्रज आले नसते तर तुम्ही अजून चुलीपाशी असता. त्यांनी १८३७ चा मसुदा वाचावा. रखमाबाईंना ना परंपरेनं सोडवलं ना हायकोर्टानं. त्या स्वतः ठाम राहिल्या म्हणून सुटल्या. १९२९ चा कायदाही सरकारनं सुखासुखी केला नाही. हरबिलास शारदांचं विधेयक रखडत होतं, तेव्हा देशभरच्या स्त्री-संघटनांनी ते लावून धरलं. आपल्याला जे मिळालं ते गव्हर्नरनं दिलं नाही आणि मंत्र्यानंही दिलं नाही.

‘खोट्या केसेस होतील’ हे आता नेहमीचं झालं आहे. चोरीच्या खोट्या केसेस होतात म्हणून कुणी चोरी कायदेशीर करा म्हणत नाही. जमिनीच्या खोट्या दाव्यांनी तर आमची कोर्टं भरली आहेत. म्हणून सातबारा रद्द करा, असं अजून एकाही पुढाऱ्यानं म्हटलेलं मी ऐकलं नाही.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत, आणि त्या गावातल्या बचतगटापासून आमदाराच्या दारापर्यंत न्यायच्या आहेत. न्याय संहितेच्या कलम ६३ मधली नवऱ्याची सूट काढा. कलम ८४ काढा. हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ रद्द करा. ते रद्द होईपर्यंत, पोटगीच्या अर्जाला उत्तर म्हणून आलेल्या अशा दाव्यात बाईच्या येण्याजाण्याचा आणि वकिलाचा खर्च पहिल्याच तारखेला नवऱ्याकडून घ्या. वारसाची नोंद करताना तलाठ्यानं मुलींची नावं आधी सातबाऱ्यावर लावावीत, आणि हक्कसोडपत्राची सही भावाच्या समोर नव्हे, बाईला एकटीला विचारून व्हावी.

येत्या १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची भाषणं होतील, झेंडे लागतील. त्या दिवशी आपापल्या गावात, व्यासपीठावर जो कुणी बसला असेल त्याला उभं राहून एवढंच विचारा : निजामाच्या राज्यातून आम्ही १९४८ ला सुटलो, इंग्रजांच्या कायद्यातून २०२४ ला सुटलो म्हणता, मग घरातल्या राज्यातून कधी? उत्तर येईपर्यंत खाली बसू नका.